राखीगढीची बाई

प्रश्न : हरियाणातल्या राखीगढी या सिंधू संस्कृतीच्या प्राचीन शहरात इतके सांगाडे निघाले, मग डीएनए एकाच बाईचा कसा? एकीवरून निष्कर्ष पटत नाही. (वाचिका, मिरज)

उत्तर : ताई, शंका रास्त आहे. हरियाणातल्या उष्ण हवामानात डीएनए फार टिकत नाही. डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे आणि सहकाऱ्यांनी ६१ नमुने तपासले, हाती लागला एकच. तोही कानाच्या आतल्या, दगडासारख्या कठीण हाडाच्या भुकटीतून! २०१९ साली निष्कर्ष छापून आले. तिच्यात युरेशियाच्या गवताळ प्रदेशातल्या (स्टेप) पशुपालकांचा अंश नाही. एवढ्यावरून अख्ख्या सिंधू संस्कृतीबद्दल बोलू नका, असं मी विद्यार्थ्यांना बजावतेच. पण तुर्कमेनिस्तानातलं गोनूर आणि इराणमधलं शहर-ए-सोख्ता इथल्या प्राचीन सांगाड्यांपैकी ११ जण वंशाने तिच्याशी जुळतात, म्हणजे ती एकटी नाही. तिची साक्ष मला वजनदार वाटते ती त्यामुळे.