भाडे स्वीकारण्याआधी रिकामे किलोमीटर मोजा
आपण नुकतीच मालवाहतुकीसाठी स्वतःची गाडी घेतली असेल, तर डिझेल, टायर, हप्ता, विमा, दुरुस्ती आणि स्वतःची मजुरी धरून किलोमीटरमागे किती खर्च येतो, हे आधी काढून ठेवा. भाड्याच्या मोठ्या आकड्याला भुलू नका. 500 किलोमीटरच्या भाड्यासाठी 150 किलोमीटर रिकामे जावे लागत असेल, तर मिळणारी रक्कम 650 ने भागा आणि येणारा आकडा किलोमीटरमागच्या खर्चाशी ताडून पाहा. मी सुरुवातीला हे केले नाही आणि परतीचा माल न मिळणाऱ्या ठिकाणी दोन दिवस गाडी उभी करून बसलो. माल उतरवायला उशीर झाल्यास थांबल्याचे पैसे किती आणि बिल किती दिवसांत चुकते होणार, हे भाडे मिळवून देणाऱ्या दलालाकडून लेखी घ्या. पोहोच पावतीवर, म्हणजे माल पोहोचल्याच्या पावतीवर, सही-शिक्का घेतल्याशिवाय मात्र निघू नका, कारण पुष्कळदा पैसे तिथेच अडकतात.