'मतदानाचा विक्रम' नव्हे, मतांची नोंद

रामबागेतील एका वाचकांनी लोकसभेच्या एका सदस्याच्या कामाचा छापील तक्ता पाठवून विचारले आहे की, त्याच्या शीर्षकातील 'खासदारांचा मतदानाचा विक्रम व सार्वजनिक उपक्रम' हा प्रयोग शुद्ध आहे का, आणि नसल्यास काय म्हणावे. तक्त्यात विधेयकाचे नाव, तारीख आणि 'होय', 'नाही', 'तटस्थ' असे रकाने आहेत.

प्रयोग चुकीचा आहे, आणि तो मी हल्ली इतक्या वेळा ऐकतो की आता गप्प राहवत नाही. 'रेकॉर्ड' या इंग्रजी शब्दाला लिहून ठेवलेला दाखला आणि आजवर कोणी न गाठलेला उच्चांक, असे दोन अर्थ आहेत. मराठीने ही कामे 'नोंद' आणि 'विक्रम' या दोन शब्दांना केव्हाच वाटून दिली आहेत. दिवसभर हिंदीत 'रिकॉर्ड' ऐकणाऱ्या आपल्या इंदुरी माणसाकडून बोलताना सरमिसळ होते हे मी समजू शकतो, पण छापण्यापूर्वी कोणीतरी मजकूर वाचायला हवा होता. 'मतदानाचा विक्रम' याचा मराठीत एकच अर्थ होतो: पूर्वी कधीच झाले नव्हते इतके मतदान झाले.

आता 'विक्रम' या शब्दाकडे वळतो, कारण खरा आनंद तिथे आहे. 'क्रम्' या धातूचा अर्थ पाऊल टाकणे. 'वि' लागला की ते पाऊल साधे राहत नाही, ते लांब पडते, पल्ला व्यापते. ऋग्वेदात विष्णूने तीन पावलांत विश्व आक्रमिले त्यासाठी 'वि चक्रमे' हेच क्रियापद आले आहे, आणि 'त्रिविक्रम' हे नाव त्याच पावलांचे आहे. उज्जैन आपल्यापासून पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर असल्यामुळे इथे पुष्कळ जण 'विक्रम' म्हणताच विक्रमादित्याकडे बोट दाखवतात आणि उच्चांकाचा अर्थ त्याच्या कीर्तीतून आला असे ठासून सांगतात. हे मला मुळीच मान्य नाही. राजाचे नाव शब्दावरून पडले, शब्द राजावरून नव्हे.

कोशांतला पहिला अर्थ 'पराक्रम', तोच वाढून उच्चांक झाला, असे म्हणणारे अभ्यासकही मला अर्धेच पटतात. सैनिक रोज पराक्रम करील, तेवढ्याने विक्रम होत नाही. विक्रमाला आधीच्या कोणाची तरी आखलेली रेषा लागते आणि तिच्यापलीकडे पडलेले पाऊल लागते. 'विक्रम मोडणे' हे इंग्रजीच्या वळणाने आले असेल, ते सोडून देऊ. पण 'आधीचा विक्रम मागे टाकला' असे आपण सहज म्हणतो, त्यात तो पायच चालतो आहे, असे माझे मत आहे आणि ते मी सोडणार नाही.

उदाहरण घरचेच आहे. 2014 च्या लोकसभा पोटनिवडणुकीत बीडमध्ये 6,96,321 मतांचे, म्हणजे तोवरचे देशातील सर्वाधिक, मताधिक्य मिळाले होते. 4 जून 2024 रोजी इंदुरात ते 11,75,092 झाले. त्याच मोजणीत इंदुरात 'नोटा'ला 2,18,674 मते पडली आणि तोही देशातील उच्चांक ठरला. या दोन्ही आकड्यांना विक्रम म्हणणे अचूक आहे, कारण दोन्ही ठिकाणी जुनी रेषा मागे पडली. विधेयकांवर एका सदस्याने दिलेल्या होकार-नकारांच्या यादीत अशी रेषा कुठे आहे?

शीर्षक लिहिणाऱ्याच्या ध्यानात आले नसेल, पण 'उपक्रम' हाही याच धातूचा. त्याचा मूळ अर्थ जवळ जाणे, आरंभ करणे. मीमांसक, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणारे शास्त्रकार, ग्रंथाचे तात्पर्य ठरवताना 'उपक्रम' आणि 'उपसंहार' यांची जोडी पाहतात, ती याच अर्थाने. म्हणून भूमिपूजन हा उपक्रम खरा, आणि पूर्ण झालेला पूल ही कामगिरी. खासदार निधीतून, म्हणजे 1993 पासून चालू असलेल्या आणि आता वर्षाला पाच कोटी रुपये देणाऱ्या योजनेतून झालेली कामे त्या तक्त्यात सरसकट 'उपक्रम' या सदरात घातली आहेत. सुरू झालेली आणि संपलेली कामे वेगळी दाखवली असती तर शब्दही बरोबर बसला असता आणि वाचणाऱ्यालाही कळले असते.

शासकीय मराठीचे अभिमानी इथे 'अभिलेख' सुचवतील. तो शब्द मी दगडासाठी आणि ताम्रपटासाठी राखून ठेवतो. विदिशेजवळच्या हेलिओडोरसाच्या स्तंभावर आहे तो अभिलेख. सभागृहातील बटण दाबून दिलेल्या मताला 'नोंद' पुरते, आणि गुजरातीतही 'नोंध' असल्यामुळे आपल्या वडोदऱ्याच्या मंडळींनाही तो परका वाटणार नाही.

तरीही नुसते 'मतदानाची नोंद' लिहू नये. लोकसभेतील बहुतेक निर्णय आवाजी मतदानाने होतात आणि त्यात कोणी काय म्हटले हे नावानिशी कुठेच उतरत नाही. कोणी मतविभागणी, म्हणजे प्रत्येक सदस्याचे मत वेगळे मोजणे, मागितली, किंवा घटनादुरुस्तीसारखा विशेष बहुमताचा विषय असला, तरच नावे नोंदली जातात. त्यातही 1985 च्या पक्षांतरबंदी कायद्यामुळे पक्षादेशाविरुद्ध मत देणाऱ्याचे सदस्यत्व जाऊ शकते, म्हणून त्या रकान्यांत सदस्याच्या स्वतःच्या कलापेक्षा पक्षाचा कल अधिक उमटतो. सदस्याची स्वतःची ओळख हवी असेल तर त्याने विचारलेले प्रश्न आणि मांडलेली खासगी विधेयके पाहावीत. रकान्याच्या डोक्यावर 'मतविभागणीतील मतांची नोंद' असे छापावे.

नोंद कोरी असणे हा दोषच असतो, असेही नाही. इंदुरातून सलग आठ वेळा निवडून आलेल्या सुमित्राताई महाजन 2014 ते 2019 या काळात लोकसभेच्या अध्यक्षा होत्या, आणि राज्यघटनेच्या अनुच्छेद 100 प्रमाणे अध्यक्षाला समसमान मते पडल्यावरच मत देता येते. आठ वेळांचा तो महिला सदस्यांमधला विक्रम आणि ती कोरी नोंद एकाच व्यक्तीची आहेत. त्या तक्त्याच्या शीर्षकाने मात्र या दोहोंना एकच नाव दिले असते.