कबुलीचा सौदा कितपत न्याय्य?

प्रश्न : आरोपीने गुन्हा कबूल करायचा आणि त्या बदल्यात त्याला कमी शिक्षा द्यायची, ही ‘प्ली बार्गेनिंग’ची पद्धत नैतिक म्हणता येईल का? दोन्ही पक्ष राजीखुशीने तडजोड करत असतील, तर इतरांनी हरकत का घ्यावी?

उत्तर : राजीखुशी कशाला म्हणायचे, इथेच घोडे पेंड खाते. अमेरिकेतील केंटकी राज्यात पॉल लुईस हेज यांच्यावर ८८.३० डॉलरचा बनावट धनादेश वापरल्याचा आरोप होता. गुन्हा कबूल केल्यास पाच वर्षांच्या कैदेची शिफारस करू, अन्यथा आधीच्या दोन गुन्ह्यांचा आधार घेऊन सराईत गुन्हेगारांसाठीच्या कायद्याखाली खटला भरू, असे सरकारी वकिलाने त्यांना बजावले. हेज यांनी नकार दिला, ते दोषी ठरले आणि त्यांना जन्मठेप झाली. १९७८ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सरकारी वकिलाचे हे वागणे वैध ठरवले. हा निर्णय मला पटत नाही. सरकारी वकिलाच्याच मते त्या कृत्याला पाच वर्षे पुरेशी होती, तर उरलेले आयुष्य तुरुंगात काढण्याची शिक्षा नेमकी कशाची? खटला चालवून घेण्याचा हक्क बजावल्याची, एवढेच उत्तर उरते.

सवलत ही पश्चात्तापाची कदर असते, असे समर्थक सांगतात. परंतु १९७० च्या ॲल्फर्ड खटल्यात, आपण खून केलाच नाही असे सांगत, केवळ फाशी टळावी म्हणून दिलेली कबुलीही त्याच न्यायालयाने ग्राह्य धरली; तिथे पश्चात्ताप कुठून येणार? पीडितांची उलटतपासणीच्या जाचातून सुटका होते, हा मुद्दा मात्र मी वजनदार मानतो. न्यायालयांचा वेळ वाचतो हेही खरेच.

म्हणून माझा आक्षेप सवलतीला नसून, कबुलीनंतरची शिक्षा आणि नकारानंतरची शिक्षा यांतील दरीला आहे. ही दरी जितकी रुंद, तितका निर्दोष माणसालाही नकार परवडेनासा होतो. भारतात २००६ पासून लागू झालेल्या तरतुदींत ही जाण काही प्रमाणात दिसते : सात वर्षांहून अधिक शिक्षेचे गुन्हे वगळलेले आहेत, अर्ज आरोपीनेच करायचा असतो, आणि तो स्वेच्छेने केला आहे ना, याची न्यायाधीश दुसऱ्या पक्षाच्या गैरहजेरीत, बंद दालनात खातरजमा करतात.

तरीही जामिनाअभावी महिनोन्‌महिने कच्च्या कैदेत असलेल्या आरोपीचे काय? कबुली दिली तर भोगलेली कैद शिक्षेतून वजा होऊन तो कदाचित लगेच घरी जाईल; निर्दोष असल्याचे सांगत राहिला, तर निकालापर्यंत आतच. अशा माणसाला बंद दालनात कितीही आपुलकीने विचारले, तरी तो ‘स्वखुशीने’ असेच म्हणणार, आणि दोषसिद्धीचा शिक्का मात्र पुढे नोकरी मागतानाही त्याच्या मागे लागणार. निदान त्याच्या जामिनाचा निर्णय आधी व्हावा आणि तडजोडीची बोलणी त्यानंतर सुरू व्हावीत, असे मला वाटते.