सोमवारी अजिंठा, मंगळवारी वेरूळ

बोरिवलीचे एक निवृत्त वाचक लिहितात : पत्नी, बहीण, मेहुणे आणि ते स्वतः, अशा चौघांसाठी माणशी 14,500 रुपये भरून त्यांनी छत्रपती संभाजीनगरची तीन दिवसांची ग्रुप टूर घेतली, गाईडसकट. रविवारी देवगिरी किल्ला आणि घृष्णेश्वर छान झालं. सोमवारी, 12 फेब्रुवारी 2024 ला, बस फर्दापूरच्या तिठ्यावर पोचली तर अजिंठा बंद. मंगळवारी वेरूळही बंद. बदल्यात पैठणीच्या दुकानात दोन तास आणि ‘पुढच्या टूरमध्ये ॲडजस्ट करू’ हा शब्द. आता कंपनी पावतीमागचं कलम दाखवते : अपरिहार्य परिस्थितीत कार्यक्रम बदलण्याचा हक्क आमचा. आधी वकिलाची नोटीस पाठवू का, असं ते विचारतात.

सेवेत त्रुटी होती का, यावर शाई घालवत नाही. पावतीमागच्या कलमालाही भिऊ नका. अजिंठा दर सोमवारी बंद असतं, वेरूळ दर मंगळवारी. घाटात दरड कोसळली तर ते अपरिहार्य. आठवड्याची सुट्टी कसली अपरिहार्य? नुसती दोन दिवसांची अदलाबदल केली असती तर दोन्ही लेणी उघडी मिळाली असती! दर हंगामात अशी पत्रं येतात. कुणाला शुक्रवारी ताजमहालाच्या बंद दारापुढे नेऊन उभं केलेलं असतं.

तुमचा जीव अडकलाय तो ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 69 मध्ये. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत ग्राहक आयोगात तक्रार दाखल झाली पाहिजे. हे लिहितोय तेव्हा जानेवारी 2026 चा तिसरा आठवडा चालू आहे. म्हणजे हातात जेमतेम तीन आठवडे. ‘ॲडजस्ट करू’ या दोन शब्दांवर तुम्ही जवळजवळ दोन वर्षं काढलीत, आणि आता नोटिशीचा विचार करताय? नोटीस पाठवल्याने मुदत थांबत नाही. कंपनीशी पत्रव्यवहार चालू होता म्हणून वाढतही नाही. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तुम्ही नोंदवलेली तक्रार ही आयोगातली तक्रार नव्हे. उशीर माफ करायचा अधिकार आयोगाला आहे, पण त्यासाठी पुरेसं कारण लागतं, आणि ‘ते गोड बोलत होते’ हे पुरेसं ठरेल याची हमी मी देणार नाही. फेब्रुवारीचा पहिला आठवडा संपायच्या आत दाखल करा. ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या होतं. शेवटच्या रात्री अपलोड करायला बसू नका.

पावतीवरच्या ‘वाद फक्त पुण्यात’ या छापील ओळीने अडायचं कारण नाही. तक्रारदार राहतो तिथल्या जिल्हा आयोगात जाता येतं, म्हणजे तुमच्यासाठी मुंबई उपनगर, वांद्रे. भरलेली रक्कम पाच लाखांच्या आत असल्याने शुल्क शून्य. पैसे तुमच्या खात्यातून गेलेत, तेव्हा तक्रारदार तुम्ही. बाकी तिघांच्याही सह्या घेतल्यात तर बरं.

रकमेबद्दल मात्र हात राखूनच बोलतो. पूर्ण 58,000 मिळतील असं समजू नका. राहणं, जेवण, देवगिरी हे सगळं तुम्ही उपभोगलंय. दोन दिवसांचा वाटा, मनस्ताप आणि खर्च मागा. किती देतील ते समोर बसलेल्यांवर. किती दिवसांत देतील, तेही विचारू नका. कायदा म्हणतो, कंपनीला आयोगाची नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत निकाल लावायचा प्रयत्न व्हावा. माझ्या टेबलावरच्या फायलींनी हे वाक्य वाचलेलं दिसत नाही.

पुराव्याचं बघा. मूळ कार्यक्रमपत्रिका सर्वांत मोलाची, कारण तिच्यात कंपनीनेच वार छापलेत. आणि तुम्ही लिहिता की रागाच्या भरात व्हॉट्सॲप ग्रुप सोडला आणि चॅटही पुसून टाकलं. धन्य आहे! तेच चॅट मेहुण्यांच्या फोनमध्ये असेल. त्याच्या प्रिंटसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं, म्हणजे प्रिंट त्या फोनमधल्या चॅटचीच आहे असं सांगणारं, प्रमाणपत्र जोडावं लागेल, तेही त्यांच्या सहीने. आज रात्रीच त्यांना फोन करा. नवा मोबाइल घ्यायचा त्यांचा बेत असला, तर जुना विकू नका म्हणावं.