क्षमा केली म्हणजे पुन्हा पैसे द्यायचेच का?

प्रश्न : ख्रिस्तात सलाम. ३ वर्षांपूर्वी माझी एफडी मोडून धाकट्या भावाला दुकानासाठी २ लाख दिले. दुकान बंद पडलं, पैसे आले नाहीत, विचारलं की फोन कट करतो. मागच्या महिन्यात मंडळीत (चर्चमध्ये) बायबलमधल्या मत्तय १८ व्या अध्यायावर संदेश झाला, सातांच्या सत्तर वेळा क्षमा करा म्हणून, आणि त्याच आठवड्यात भाऊ दारात, आता अजून १ लाख दे. आई म्हणते संदेश ऐकलास ना, मग दे. पैसे काढल्याची बँकेची स्लिप अजून माझ्या बायबलच्या कव्हरमध्ये आहे, प्रभुभोजन (चर्चमधला भाकर-द्राक्षारसाचा विधी) घेताना तीच आठवते. नाही म्हटलं तर मी क्षमा केली नाही असं होईल का?
– एक भगिनी

उत्तर : सलाम ताई. आधी सरळच सांगते, नाही म्हणणं म्हणजे क्षमा न करणं नव्हे. तुमच्या आईंचा जीव पोराकडे ओढतोय हे मला कळतं, पण वचन असं कुणाच्या गळ्यावर धरायचं नसतं, आणि आपल्या घरांमधे ते नेमकं बहिणींच्या आणि सुनांच्याच गळ्यावर धरलं जातं याचं मला फार वाईट वाटतं.

आता त्याच अध्यायात येशूने सांगितलेला दाखला बघा. मालकाने नोकराला सोडलेलं कर्ज १०,००० तालांत. एक तालांत म्हणजे साधारण ६,००० दिनार आणि एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, म्हणजे ६ कोटी दिवसांची मजुरी, कुणाच्या सात पिढ्यांना फिटणार नाही. आणि दुसऱ्या नोकराकडून त्याचं येणं होतं १०० दिनार, त्यासाठी त्याने त्याचा गळा धरला. हेही काही चिल्लर नाही हं, तीन-चार महिन्यांची कमाई आहे. प्रभू तुमचं नुकसान झालंच नाही असं म्हणत नाही, ते मोजून समोर ठेवतो आणि मग म्हणतो की तुला किती सुटलंय ते बघ आणि त्याचा गळा सोड. गळा सोड एवढंच, त्या नोकराला नवीन कर्ज दे असं त्या दाखल्यात कुठेच नाही.

आणि हा अध्याय २१ व्या वचनापासून वाचायची आपल्याला सवय लागलीय. १५ वं वचन वाचा. भावाने अपराध केला तर जा, एकांतात त्याला त्याची चूक दाखव. म्हणजे गप्प बसून आतल्या आत कुढायचं नाही आणि आधी सगळ्या नातेवाईकांना सांगत पण फिरायचं नाही.

मला अशा वेळी कायम योसेफ आठवतो, ज्याला त्याच्या भावांनीच गुलाम म्हणून विकलं आणि जो पुढे मिसराचा (इजिप्तचा) अधिकारी झाला. भाऊ धान्य विकत घ्यायला मिसरात आले तेव्हा याने बाजूला जाऊन रडून घेतलं, धान्य दिलं, त्यांचे पैसे पण गुपचूप गोण्यांमधे परत टाकले, पण मीच योसेफ म्हणून लगेच गळ्यात नाही पडला. धाकट्या भावाच्या, बन्यामीनाच्या गोणीत चांदीचा प्याला ठेवून बघितलं की हे अजून तसेच आहेत का, आणि ज्या यहूदाने, त्याच्याच भावाने, योसेफाला विकून टाकू म्हटलं होतं तोच जेव्हा म्हणाला की पोराऐवजी मला गुलाम ठेवा, तेव्हा कुठे योसेफाचा बांध फुटला. उत्पत्ती ४२ ते ४५ एका बैठकीत वाचून काढा. मनातून क्षमा करणं तुमच्या हातात आहे, विश्वास मात्र भावाने परत कमवायचाय. बायबलमधला जकातदार जक्कय बदलला तेव्हा त्याने कुणाचं लुबाडलं असेल तर चौपट परत करतो म्हटलं, त्यामुळे भावाने महिन्याला हजार-दोन हजार का होईना फेडावेत असं तुम्ही म्हणालात तर त्यात काही पाप नाही. सगळं सोडून द्यावंसं वाटलं तरी द्या, पण ते तुमच्या मनाने, आई म्हणाली म्हणून नको. त्याच्या घरी खरंच अडचण असेल तर किराणा भरून द्या, मुलांची फी तुम्ही स्वतः जाऊन भरा, योसेफाने पण धान्यच दिलं ना.

पुढच्या प्रभुभोजनाच्या आधी एकदा भावाकडे जाऊन या, एकट्याच जा. चहा घेता घेता दोन्ही गोष्टी त्याला सांगा, की माझ्या मनात आता तुझ्याबद्दल राग ठेवणार नाही आणि हे १ लाख मी देणार नाही. तो चिडेल कदाचित, बोलेल काहीतरी, बोलू दे. आणि ताई, जाताना ती स्लिप बायबलमधून काढून घरीच कपाटात ठेवा, सोबत नेऊ नका.