किल्ली पोरांकडे दे

तुझं पत्र मिळालं. विज्ञान केंद्रात तासाभरात दीडशे मुलं फिरवायची, शिट्टी मारून पुढच्या दालनात हाकलायची. यात शिकवणं कुठे बसतं, असं विचारतोस. नाही बसत. सहल उरकू दे आणि शनिवारी आठवी-नववीची दहाच पोरं धर. दालनाची किल्ली त्यांच्याकडे दे. येणाऱ्यांना समजावतील ती, तू नाही.

फ्रँक ओपनहायमर यांनी सॅन फ्रान्सिस्कोत १९६९ साली एक्सप्लोरेटोरियम हे विज्ञान संग्रहालय सुरू केलं, तिथे शाळकरी पोरंही हे काम करतात. गाईचा डोळा कापून आतलं भिंग दाखवतात, मोठी माणसं वाकून बघतात. आणि त्याचे पैसे मिळतात त्यांना! हे विसरू नकोस. आपल्या सोलापुरात, पूर्व भागातल्या विणकरांच्या वस्तीत, शनिवारची दुपार म्हणजे घरच्या कामाला एक हात. मला मानधन शेवटपर्यंत मंजूर करून घेता आलं नाही. एक हुशार पोरगी त्यापायी सुटली, अजून सलतं.

‘पोरं चुकीचं सांगतील’ म्हणतोस. सांगू देत की! बैठकीत मला हेच ऐकवायचे, वर ‘बाई हट्टी आहेत’. होतेच. पण वर्गात तोंड न उघडणारा विणकराचा पोरगा जेकार्डचं, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागाचं, भोकं पाडलेलं पंचकार्ड हातात घेऊन तेलुगूत सांगत होता: भोक असलं की सुई आरपार जाते, ताण्याचा, म्हणजे उभा, धागा उचलला जातो, नसलं की सुई मागे ढकलली जाते, धागा खालीच. चादरीवरची नक्षी अशी उमटते हे मला तोवर नीट कळलं नव्हतं. मग कोण चुकत होतं, सांग. किल्ली पोरांकडेच हवी.

तुला सुरुवात हवी ना? शून्य सावली घे: सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि काठीची सावली क्षणभर नाहीशी होते तो दिवस. सोलापुरात ती मेच्या दुसऱ्या आठवड्यात येते, तेव्हा शाळा बंद. पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला, तेव्हा ढग. म्हणून सहलीतल्या मुलांना ती कधी दिसतच नाही. तारीख तू सांगायची नाहीस. एप्रिलपासून त्यांनाच गच्चीवर काठीची सावली मोजू दे. सावली सर्वात आखूड होते ती बाराला नव्हे, एप्रिल-मेत बावीस ते तीस मिनिटं उशिरा. हेही त्यांचं त्यांना सापडू दे. उत्तर ओठांवर आलं तरी गप्प बस.

गच्चीच्या परवानगीचा अर्ज मात्र फेब्रुवारीतच टाक. आणि त्यावर सही पोरांची घे.

— तुझ्या बाई