इंग्लंडला यायचंय? आधी पद नको, काम ठरव

नाशिकच्या शाळेत तीन वर्षं समुपदेशक, मानसशास्त्रात एमए, नवरा आयटीत आणि सोबत यायला तयार. एवढं सांगून तू विचारलंयस, 'इंग्लंडमध्ये काउन्सेलिंग सायकॉलॉजिस्ट म्हणून थेट नोकरी मिळेल का, की पुन्हा शिकावं लागेल?' ताई म्हणून लिहिलंस, तेव्हा मीही अगं-तुगंवरच येते.

थेट नोकरी मिळणार नाही. पण ते पद तुला खरंच हवंय का, हा प्रश्न मला जास्त मोठा वाटतो. त्या पदावरची माणसं इथे दिवसभर काय करतात ते तिकडून नीट दिसत नाही.

आधी कायद्याचं उरकते. ब्रिटनमध्ये २००९पासून 'काउन्सेलिंग सायकॉलॉजिस्ट' ही उपाधी राखीव आहे. हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिल, म्हणजे एचसीपीसी, यांच्या रजिस्टरवर नाव नसताना ती लावून लोकांची दिशाभूल करणं हा गुन्हा आहे. क्लिनिकल, एज्युकेशनल, फॉरेन्सिक वगैरे धरून अशा एकूण सात शाखा आहेत. विचित्र म्हणजे नुसतं 'सायकॉलॉजिस्ट' राखीव नाही. 'काउन्सेलर' आणि 'सायकोथेरपिस्ट'ही नाही. उद्या इथला कुणीही दारावर 'काउन्सेलर' अशी पाटी लावू शकतो, म्हणूनच नोकरी देणारे बीएसीपीसारख्या काउन्सेलरांच्या व्यावसायिक संस्थेचं सदस्यत्व मागतात. आपल्याकडे आरसीआयच्या, म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाच्या, नोंदणीचा धाक फक्त क्लिनिकलवाल्यांना. एमए झाल्या झाल्या 'काउन्सेलिंग सायकॉलॉजिस्ट' अशी पाटी लावणारे गल्लोगल्ली सापडतात. त्या सवयीने इकडे पाठवायच्या बायोडेटात किंवा लिंक्डइनवर ती उपाधी लिहू नकोस. 'स्कूल काउन्सेलर, इंडिया' एवढंच लिही.

आता काम. मी एनएचएसच्या, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, प्रौढांसाठीच्या कम्युनिटी मेंटल हेल्थ टीममध्ये सायकॉलॉजिस्ट आहे. टीममध्ये सायकियाट्रिस्ट, मानसोपचार नर्स, सोशल वर्कर, ऑक्युपेशनल थेरपिस्ट असे सगळे एकत्र बसतात. आमच्यापर्यंत येणारा माणूस 'जरा टेन्शन आहे' या पायरीच्या बराच पुढे गेलेला असतो. लहानपणी झालेले अत्याचार, पुन्हा पुन्हा स्वतःला इजा करणं, कानात आवाज येणं, वर्षानुवर्षांची दारू. पहिल्या काही भेटी असेसमेंटच्या. मग येतं फॉर्म्युलेशन, आणि माझ्या मते आमच्या पेशाचा जीव त्यातच आहे. हा त्रास याच माणसाला का, आत्ताच का, आणि तो कशाच्या आधाराने टिकून राहिलाय, याची त्याच्यासोबत बसून केलेली मांडणी म्हणजे फॉर्म्युलेशन. निदानाचं नाव बहुतेक वेळा डॉक्टर देतात. आमच्याकडून टीमला ही मांडणी हवी असते.

उदाहरण देते, कुणा एकीचं नाही, अशा बऱ्याच जणी पाहिल्यात. एक बाई भेटीची वेळ घेते आणि येत नाही. नर्सचा फोन उचलत नाही. फाइलवर 'सहकार्य नाही' असा शेरा पडतो आणि नाव यादीतून काढायची चर्चा सुरू होते. तेव्हा टीमच्या बैठकीत सायकॉलॉजिस्टने सांगायचं असतं, की या बाईने लहानपणापासून जवळ आलेल्या प्रत्येकाकडून मार खाल्लाय, त्यामुळे कुणी आपुलकीने वागू लागलं की तिला पळून जावंसं वाटतं. फोन न उचलणं हे आजाराचाच भाग आहे, उद्धटपणा नव्हे. तेवढ्याने नर्सची भाषा बदलते, भेटींची पद्धत बदलते, कधी कधी ती बाई टिकते. यात मी तिच्याशी एक अक्षरही बोललेली नसते, तरी हे माझंच काम.

बाकीचा वेळ जोखमीच्या नोंदी, जीपीला, म्हणजे रुग्णाच्या फॅमिली डॉक्टरला, पत्रं (त्यांची प्रत रुग्णालाही जाते, त्यामुळे प्रत्येक शब्द तोलून लिहायचा), शिकाऊ सायकॉलॉजिस्टचं आणि नर्सचं सुपरव्हिजन (त्यांच्या केसेसवर नियमित चर्चा आणि देखरेख), सेवेचा उपयोग किती झाला याचे अहवाल यांत जातो. थेट थेरपीला माझ्या आठवड्यातला निम्मा वेळही मिळत नाही. बढती मिळाली की आणखी कमी. औषधं आम्ही लिहून देत नाही. पण मेंटल हेल्थ अ‍ॅक्टमध्ये २००७ साली झालेल्या दुरुस्तीनंतर, सक्तीने दाखल केलेल्या रुग्णाची कायदेशीर जबाबदारी योग्य मंजुरी मिळवलेला सायकॉलॉजिस्टही घेऊ शकतो. असे लोक थोडे आहेत, पण त्यावरून या पदाचं वजन लक्षात येईल.

कॅन्सर, किडनी, जुनाट दुखणी अशा विभागांत, तुरुंगांत, विद्यापीठांत, बाळंतपणाच्या आगेमागे आजारी पडणाऱ्या बायकांच्या सेवेतही आमचे लोक असतात. जाहिरातींत बहुधा 'क्लिनिकल किंवा काउन्सेलिंग सायकॉलॉजिस्ट' असंच असतं आणि नव्याने पात्र झालेले दोघेही बँड ७ या एनएचएसच्या पगारश्रेणीवर लागतात. २०२५-२६मध्ये लंडनबाहेर त्याची सुरुवात वर्षाला सुमारे ४७,८०० पौंड होती, करापूर्वी. फरक प्रशिक्षणात आहे. क्लिनिकलच्या डॉक्टरेटला एनएचएस पगार देते, पण त्या जागा परदेशी विद्यार्थ्याला जवळपास बंद आहेत. काउन्सेलिंगची डॉक्टरेट तीन वर्षांची, फी स्वतः भरायची, आणि प्लेसमेंट, म्हणजे शिकतानाचं प्रत्यक्ष काम, बहुतेक बिनपगारी. एकाच खुर्चीसाठी एकाने पगार घेत शिकायचं आणि दुसऱ्याने कर्ज काढून, हे मला आजही पटत नाही.

त्या तीन वर्षांत काय असतं? सुपरव्हिजनखाली किमान ४५० तास रुग्णांबरोबर काम, एका थेरपी-पद्धतीत खोल आणि दुसरीत कामापुरती तयारी, प्रबंध, आणि स्वतः रुग्णाच्या खुर्चीत बसून घेतलेली थेरपी, किमान ४० तास, तीही आपल्या खिशातून. ही शेवटची अट हीच या शाखेची ओळख. आपल्याकडच्या एमएमध्ये हे सहसा नसतं. तिथेच पुष्कळ जण अडखळतात, कारण दुसऱ्याचं ऐकायची सवय असते, स्वतःचं सांगायची नसते. परवडत असेल तर नाशिकमध्येच सुरू कर. तास धरले जातील म्हणून नव्हे; आपल्याला हे झेपतं का ते कळेल म्हणून.

शाळेच्या अनुभवाबद्दल विचारलंस. तो उपयोगाचा आहे, पण एक गोष्ट मुळापासून बदलावी लागेल. आपल्याकडे मुलाने काही सांगितलं की आईवडिलांना बोलावणं हे कर्तव्यच समजलं जातं, मुख्याध्यापकांनाही सगळा तपशील हवा असतो. इथे १९८५च्या गिलिक निकालापासून, सोळा वर्षांखालचं मूलही जर पुरेसं समजूतदार असेल तर आईवडिलांच्या संमतीशिवाय उपचाराला होकार देऊ शकतं. चौदा वर्षांची मुलगी 'घरी सांगू नका' म्हणाली, तर तिला किती कळतंय, तिला धोका आहे का, हे तू ठरवायचं आणि का ठरवलंस ते लिहून ठेवायचं. उलट अत्याचाराचा संशय आला तर गुप्ततेचं वचन बाजूला ठेवून शाळेच्या सेफगार्डिंग (मुलांच्या संरक्षणाच्या) प्रमुखाकडे त्याच दिवशी जायचं, घरच्यांची अब्रू वगैरे विचार मनात न आणता. मुलाखतीत यावर हमखास विचारतात आणि आपल्याकडची चांगली चांगली माणसं तिथे गडबडतात.

तुझ्यापुढचे रस्ते आता. सध्याच्या कागदांवर एचसीपीसीकडे परदेशी अर्ज करता येतो, पण काउन्सेलिंग शाखेची पातळी डॉक्टरेट किंवा तिच्या तोडीची आहे. एमए आणि शाळेतली तीन वर्षं तिथे पोचत नाहीत. अर्जाची फी वाया घालवू नकोस. डॉक्टरेट करायची तर आधी ब्रिटिश सायकॉलॉजिकल सोसायटीकडून जीबीसी मिळव, म्हणजे तुझी पदवी इथल्या मानसशास्त्राच्या पदवीच्या बरोबरीची आहे असा दाखला. विषय कमी पडले तर आधी एक वर्षाचा कन्व्हर्जन एमएससी करावा लागतो. तिसरा रस्ता काउन्सेलरचा. बीएसीपीने मान्यता दिलेला डिप्लोमा, बहुतेक ठिकाणी अर्धवेळ, प्रशिक्षणात किमान १०० तास प्रत्यक्ष काम. त्यानंतर शाळा, धर्मादाय संस्था किंवा स्वतःची प्रॅक्टिस. पगार कमी, एनएचएसमधल्या जागा थोड्या, पण दिवस माणसांबरोबर जातो.

चौथा, ज्याच्या जाहिराती तुला सारख्या दिसत असतील, तो एनएचएस टॉकिंग थेरपीजचा. २००८मध्ये आयएपीटी नावाने सुरू झालेली ही इंग्लंडची मोठी योजना. त्यात पीडब्ल्यूपी (सायकॉलॉजिकल वेलबीइंग प्रॅक्टिशनर) नावाची पहिली पायरी असते: सौम्य चिंता आणि नैराश्यासाठी थोड्या, आखीव सत्रांत, बऱ्याचदा फोनवर सीबीटीचे, म्हणजे विचार आणि वागणं बदलायच्या थेरपीचे, धडे द्यायचे आणि दर वेळी प्रश्नावलीचे गुण नोंदवायचे. शिकत असतानाच पगार मिळतो, म्हणून गर्दी असते. काम उपयोगी आहे, पण फार साच्यातलं. तू लिहिलंयस तसं 'मुलांबरोबर खोल काम' यात सापडणार नाही. शिवाय त्या पगारावर व्हिसासाठी स्पॉन्सर मिळणं अवघड.

व्हिसावरून नवऱ्याचा मुद्दा. जानेवारी २०२४पासून एक वर्षाच्या, वर्गात शिकायच्या (संशोधनाच्या नव्हे) मास्टर्सवर आलेल्याला जोडीदार आणता येत नाही; डॉक्टरेटवर आणता येतो. म्हणजे कन्व्हर्जन एमएससीचं वर्ष तू एकटी काढायचं. शिकताना सत्र चालू असेल तेव्हा आठवड्याला २० तासच नोकरी करता येते, त्यात लंडनचं भाडं निघत नाही. खरं सांगू? नवऱ्याला त्याच्या कामावर स्किल्ड वर्कर व्हिसा मिळत असेल तर तो आधी येऊ दे आणि तू डिपेंडंट म्हणून ये. तुला नोकरी करायची मुभा मिळते, शिकायचीही. वर्षभर एखाद्या शाळेत टीचिंग असिस्टंट म्हणून किंवा मानसिक आरोग्याच्या धर्मादाय संस्थेत सपोर्ट वर्कर म्हणून काम कर. इथली मुलं, इथले आईबाप, इथलं सोशल सर्व्हिसेसचं जाळं जवळून बघ आणि मग काउन्सेलर की डॉक्टरेट ते ठरव. 'एमए करून सपोर्ट वर्कर?' असं सासरी कुणी म्हणेलच. इथे डॉक्टरेटच्या मुलाखतीत अशाच कामाचा अनुभव विचारतात. व्हिसाचे नियम मात्र सतत हलत असतात, त्यामुळे निर्णय घ्यायच्या आठवड्यात सरकारी संकेतस्थळ स्वतः वाच. एजंटच्या व्हॉट्सअ‍ॅपवर विसंबू नकोस.

मराठीचा फायदा होईल का, असंही विचारलंस. हिंदी, थोडी गुजराती येत असेल तर लेस्टर, हॅरो, वेम्बली भागात नक्कीच होतो. 'छातीत धडधड होते, अंग गळून जातं' असं सांगणाऱ्या मावशीच्या मनात काय चाललंय ते दुभाष्याविना कळणं ही मोठी गोष्ट आहे. मराठी माणसं इथे कमी, आणि सगळी एकमेकांना ओळखतात. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२पासूनचं आहे, गणपतीला अवश्य जा. पण मंडळात ओळख झालेल्या कुणाला क्लायंट म्हणून घेऊ नकोस. 'तू त्यातलीच ना, जरा आमच्या मुलाशी बोल' अशी गळ घालणारे पहिल्याच वर्षी भेटतील. त्यांना जीपीकडे पाठवायचं आणि मोदक खायचा.

आता नाशिकहून निघण्याआधीची कागदपत्रं. विद्यापीठाकडून बीए आणि एमए दोन्हींच्या गुणपत्रिका, आणि प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम तासांसह, शिक्क्यानिशी. त्याला महिने लागतात, आजच अर्ज टाक. एमएला संशोधन प्रकल्प केला असशील तर त्याची प्रत जपून ठेव, जीबीसीला संशोधनाचा पुरावा लागतो. शाळेकडून 'काम समाधानकारक' छापाचं पत्र घेऊ नकोस. किती मुलांबरोबर, कोणत्या अडचणींवर, आठवड्याला किती तास काम केलंस आणि सुपरव्हिजन कुणी, किती वेळा दिलं हे त्यात हवं. सुपरव्हायझर नसेल तर या महिन्यात एक गाठ, पैसे देऊन का होईना, आणि नोंदवही सुरू कर. पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट निघायच्या थोडं आधी काढ, फार लवकर काढलंस तर जुनं म्हणून परत मागतील. जीबीसीसाठी अर्ज करण्याआधी बीएचे विषय मला लिहून पाठव. कुठला कमी पडेल असं वाटतं ते सांगते.